प्याद्यांना जपणारे फिलिडोर

फिलिडोर यांचा जन्म सन १७२६ मध्ये फ्रान्स देशात झाला. लहानपणी ते राजाकडे गायला होते. तिथले वाजवणारे फावल्या वेळात बुद्धिबळं खेळत, ते बघून शिकले. १७४९ साली त्यांनी या खेळाचं पुस्तक काढलं.

आमच्या वर्गात सगळे आधी वजीर काढतात. प्यादं मेलं तर कुणाला काही वाटत नाही. फिलिडोर प्याद्यांनाच जपायचे. मधली दोन प्यादी जोडीनं उभी करायची, मागून जोर द्यायचा. मग एक पुढं सरकवलं की समोरच्या राजाजवळचा घोडा पळतो अन् आपले उंट, वजीर राजावर चालून जातात. मी करून पाहिलं, जमतं!

म्हातारपणी ते लंडनला पटाकडे न बघता एकदम तीन डाव खेळत. पुढे फ्रान्सात क्रांती झाली. त्यांना घरी परतायची परवानगी मिळेना. बायको-मुलं तिकडंच. १७९५ साली ते लंडनलाच वारले.