मेंढपाळाविना तीस वर्षे : फादर जोसेफ वाझ आणि सिलोनची मंडळी

वाचकहो, आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर दूरच्या शहरांत राहतात, त्यांना पाळक नसलेल्या मंडळीचा अनुभव नवा नसेल. जुने पाळक बदलून जातात, नवे लवकर येत नाहीत. मग रविवारी कोणी वडील शास्त्रपाठ वाचतात, कोणी भगिनी गीत सुरू करते, आणि प्रार्थना संपल्यावर मनात एक शंका उरते : आपण करतो ती खरोखर उपासना आहे, की पाळक येईपर्यंतचे नुसते थांबणे? ही शंका आपल्या मनात येत असेल, तर तीनशे वर्षांपूर्वीच्या एका गोमंतकीय धर्मगुरूंच्या चरित्राकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातील साष्टी प्रांतात, बाणावली या गावी, आजोळी झाला. त्यांचे मूळ घर सांकवाळचे. गोव्यात शिक्षण पुरे करून 1676 मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. मंगळूर, बसरूर, गंगोळी या कानडी किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांत त्यांनी 1681 ते 1684 या काळात सेवा केली. तेथे धर्माधिकाऱ्यांचे आपसातील वाद त्यांना सोसावे लागले. त्या वादांच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. त्यांचे मन मात्र पहिल्यापासून सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे ओढलेले होते.

त्या बेटावर काय घडले होते ते आधी पाहू. डचांनी 1656 मध्ये कोलंबो आणि 1658 मध्ये मन्नार व जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले. सर्व कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर घालवण्यात आले. धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरवण्यात आली. मंदिरे डच सुधारित पंथाच्या ताब्यात गेली. मुलाचा बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद सरकारी पंथाच्याच पुस्तकात होई. नोंद नसेल तर वारसाहक्कही अडचणीत येई. आपल्यापैकी पुष्कळजण प्रोटेस्टंट परंपरेत वाढलेले आहेत. त्यांनी हे वाचताना डोळे मिटून घेऊ नयेत. बायबलला सर्वोच्च मान देणारे लोकच येथे छळ करणारे होते, आणि छळ सोसणारेही ख्रिस्ताचेच होते.

मेंढपाळ गेले. कळपाचे काय झाले? पुष्कळजण नोंदवहीपुरते सुधारित पंथाचे झाले, काही मनानेही झाले, आणि काही हळूहळू निसटले. ते लपवण्याचे कारण नाही. परंतु कित्येक घरांत दार लावून प्रार्थना चालू राहिली. आजीने नातवाला विश्वासाचा अंगीकार शिकवला. मरणाऱ्याच्या उशाशी शेजारी बसून प्रार्थना म्हणत. एकही धर्मगुरू नसताना हे सुमारे तीस वर्षे चालले, म्हणजे एक संपूर्ण पिढी धर्मगुरूचे तोंड न पाहता वाढली.

ही बातमी गोव्यात पोहोचली होती. तरी तेथे जायचे कोणी? गोरा माणूस किनाऱ्यावर उतरताच ओळखला जाई. वाझ सावळे होते. भारतीय धर्मगुरूंना युरोपीय संघ सहसा आपल्यात घेत नसत. म्हणून गोव्यातील काही एतद्देशीय धर्मगुरूंनी आपला छोटा समूह उभारला होता. वाझ त्यात 1685 मध्ये दाखल झाले आणि त्याचे प्रमुख झाले. पुढे हाच गोव्याचा ओरेटरी संघ. ज्या रंगामुळे त्यांना एक दार बंद होते, त्याच रंगाने सिलोनचे दार उघडले, हे मला त्यांच्या चरित्रातील फार विलक्षण वाटते.

1686 मध्ये ते गोव्याहून निघाले आणि 1687 मध्ये तुतिकोरीनच्या बाजूने समुद्र ओलांडून जाफन्यास पोहोचले. अंगावर मजुराचे फाटके कपडे, पाय अनवाणी, सोबत फक्त जॉन नावाचा विश्वासू सेवक. प्रवासातच त्यांना हगवणीने गाठले होते. आजाराच्या भीतीने लोक त्यांना जवळ करीनात, आणि ते एका ओसाड जागी पडून राहिले. एक बाई रोज पेज आणून देत असे. तिच्यामुळे ते वाचले.

अंगात बळ आल्यावर ते दारोदार भीक मागू लागले. गळ्यात त्यांनी जपमाळ घातली होती. बहुतेकांनी मूठभर तांदूळ घालून दार लावून घेतले. वाझ मात्र भिक्षेपेक्षा लोकांच्या डोळ्यांकडे पाहत होते. कोणाची नजर जपमाळेवर थबकते? एका घरात ती थबकली. तरीही विश्वास बसण्यास वेळ लागला, कारण हा डचांचा हेर असू शकत होता. येथे परीक्षा धर्मगुरूची झाली आणि ती मंडळीने घेतली, हे विसरू नका. खात्री पटल्यावर रात्रीच्या अंधारात लोक एका घरी जमले, आणि तीस वर्षांनंतर त्यांच्यामध्ये मिस्सा अर्पण झाली.

त्या घटकेला वाझ यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर आता मी आलो आहे, तुम्ही बाजूला व्हा, असे म्हणाला असता. वाझ यांनी तसे केले नाही. 1697 पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, ते साऱ्या बेटावरचे एकटेच धर्मगुरू होते. त्यांचे स्वतःचे पापनिवेदन ऐकण्यासही दुसरा धर्मगुरू नव्हता. ते एका गावी असत तेव्हा उरलेली सर्व गावे धर्मगुरूविनाच असत. म्हणून जी घडी छळाच्या काळात लोकांनीच बसवत आणली होती, तीच त्यांनी पक्की केली. गावोगावी एक अण्णावी आणि एक मूप्पर असे सेवक त्यांनी नेमले. अण्णावी म्हणजे शिक्षक. रविवारी व सणाला लोकांना जमवून प्रार्थना म्हणवून घेणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, मरणोन्मुख बालकाचा बाप्तिस्मा करणे, मरणाऱ्याजवळ बसणे आणि धर्मगुरू येण्यापूर्वी लोकांची तयारी करून घेणे, हे त्याचे काम. मूप्पर प्रार्थनास्थळ आणि मंडळीची व्यवस्था पाही.

भाषांतराच्या कामात शब्दांशी रोज झगडणाऱ्या माणसाला येथे थांबल्यावाचून राहवत नाही. मूप्पर हा तमिळ शब्द म्हणजे वडील, वृद्ध. नव्या करारात प्रेषितांनी नगरोनगरी नेमलेल्या वडिलांसाठी तमिळ बायबलात हाच शब्द आहे. सुधारित पंथाला आपल्या वडिलांच्या व्यवस्थेचा मोठा अभिमान. आणि त्याच पंथाच्या राज्यकर्त्यांपासून लपून राहणाऱ्या कॅथलिक झोपड्यांत वडील मंडळी चालवीत होते!

प्रार्थनांची भाषा तमिळ आणि सिंहली होती. वाझ यांनी दोन्ही भाषा शिकून घेतल्या. गोव्यात 1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला होता की लोकांनी तीन वर्षांच्या आत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. त्याच गोव्यातून आलेल्या या माणसाने पोर्तुगीज भाषेवर विसंबून राहण्याचा विचार केला नाही. जी मंडळी परक्या भाषेत प्रार्थना करते, तिला तो दुभाषा गेल्यावर मुके व्हावे लागते, असे माझे मत आहे.

जाफन्यात एका नाताळच्या रात्री डच सैनिकांनी जमलेल्या विश्वासणाऱ्यांवर छापा घातला. वाझ निसटले, मंडळीतील माणसे पकडली गेली आणि फटक्यांचे वळ त्यांच्या पाठीवर उठले. पुढे ते पुत्तलमकडे वळले आणि 1692 मध्ये कँडीच्या बौद्ध राजाच्या प्रदेशात शिरले. तेथे एका फ्रेंच माणसाने ते पोर्तुगीज हेर असल्याची कागाळी केली आणि ते कैदेत पडले. कैदेत त्यांनी सिंहली पक्की केली. पहारा सैल होताच आवारात एक लहानशी झोपडी प्रार्थनेसाठी उभारली, आणि कँडीतील ख्रिस्ती लोक तेथे येऊ लागले. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याला हळूहळू या माणसात हेर दिसेनासा झाला आणि त्याने त्यांना मोकळे केले. अवर्षणात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडल्याची कथा प्रसिद्ध आहे. मला त्याहून मोठी वाटते ती 1697 च्या देवीच्या साथीतील सेवा. माणसे आपल्याच घरच्या रोग्यांना टाकून पळत होती, तेव्हा वाझ आणि नुकतेच गोव्याहून आलेले त्यांचे भाचे फादर कार्व्हालो हे दोघे धर्माचा भेद न करता त्यांना धूत, भरवीत आणि मेलेल्यांना मूठमाती देत होते.

हळूहळू गोव्याहून आणखी धर्मगुरू आले. वाझ यांना उच्च पद देऊ करण्यात आले, ते त्यांनी नाकारले आणि पायी फिरणे चालू ठेवले. गावोगावचे अण्णावी मात्र नवे धर्मगुरू आले म्हणून कामावरून दूर झाले नाहीत. धर्मगुरू मूठभर आणि गावे शेकडो, तेव्हा वर्षाचे बहुतेक रविवार त्यांच्याच हाती राहिले. 16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे वाझ प्रभूकडे गेले. वय साठीच्याही आतले होते. पुढे 1995 मध्ये कोलंबो येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले, आणि 14 जानेवारी 2015 रोजी त्याच शहरात पोप फ्रान्सिस यांनी त्यांची संत म्हणून घोषणा केली.

त्यांच्या साथीदारांपैकी एकाचा उल्लेख केल्यावाचून मला लेखणी ठेवता येत नाही. दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस 1705 मध्ये सिलोनला आले आणि 1742 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. गोव्यातील ख्रिस्ती लोकांसाठी फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये मराठीतून ख्रिस्तपुराण दिले. सिलोनसाठी सिंहली आणि तमिळ भाषांतून ते काम गोन्साल्व्हिस यांनी केले. ज्या गावी धर्मगुरू वर्षातून एकदाच येई, त्या गावच्या अण्णावीच्या हाती आता वाचण्यासाठी पुस्तक आले. प्रभूच्या दुःखसहनाविषयी त्यांनी रचलेले ‘पसन’ श्रीलंकेतील कॅथलिक लोक उपवासकाळात आजही गातात. गाणारे मंडळीतलेच स्त्रीपुरुष असतात, आणि पुष्कळदा ते कोणा शेजाऱ्याच्या घरी जमलेले असतात.