डॉ. आस्ब्यर्न फॉलिंग आणि एका मातेचा ध्यास

डॉ. आस्ब्यर्न फॉलिंग हे नाव आपल्या मंडळातील भगिनींच्या कानावरून गेले असण्याचा संभव थोडाच. वैद्यकाच्या जगात मात्र ते मोठ्या आदराने घेतले जाते. त्यांच्या शोधामागे एका मातेची चिकाटी आहे, म्हणून त्यांची ही ओळख.

नॉर्वे देशातील ट्रोंडेलाग प्रांतात, एका शेतकरी कुटुंबात १८८८ साली त्यांचा जन्म झाला. ट्रोंडहाइम येथे रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर ते वैद्यकाकडे वळले. ही दुहेरी विद्याच पुढे कामी आली.

१९३४ साली ऑस्लो शहरात एका दाम्पत्याने त्यांना गाठले. थोरली मुलगी साडेसहा वर्षांची, धाकटा मुलगा चार वर्षांचा. मुलगी मोजके शब्द बोले, तिची चाल अडखळती. मुलाला तर ना चालता येई, ना बोलता, ना हाताने घास घेता. अनेक डॉक्टर झाले, पण कारण कोणालाच सांगता येईना. आईने मात्र प्रश्न सोडला नव्हता. मुलांच्या अंगाला सदैव एक कुबट वास येतो, त्याचा या दुखण्याशी काही संबंध असेल काय, असे ती विचारी.

डॉक्टरांनी मुलांना तपासले, पण विशेष असे काही सापडले नाही. मग रीतीप्रमाणे लघवी पाहिली. मधुमेहाच्या काही रोग्यांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले तर तांबूस रंग येतो. येथे चक्क हिरवा आला! औषधांमुळे असेल, म्हणून आठवडाभर सर्व औषधे बंद करवली. तरी रंग हिरवाच.

मग आईने लघवी साठवून आणावी आणि डॉक्टरांनी ती प्रयोगशाळेत शोधावी, असा क्रम सुरू झाला. थोडीथोडकी नव्हे, सुमारे २० लिटर! हाती येणारा पदार्थ हवेने बिघडे, म्हणून नायट्रोजन वायूत काम करावे लागले. नुसता वैद्य असता तर येथेच थांबला असता. अखेर शुद्ध स्फटिक मिळाले. ते फेनिलपायरुव्हिक आम्ल होते. निरोगी माणसाच्या लघवीत ते असे आढळत नाही. नंतर मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची त्यांनी तपासणी केली. त्यांत आणखी आठ जण तसेच निघाले, काही तर सख्खी भावंडे. तेव्हा दोष रक्ताच्या नात्यातून येतो हे उघड झाले.

आज या व्याधीला फिनिलकीटोन्युरिया म्हणतात. दूध, डाळ, मांस यांतील प्रथिनांत फेनिलअ‍ॅलनिन नावाचा घटक असतो. यकृतातील एका कमतरतेमुळे तो पचत नाही, रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूला बाधतो. हा दोष आई व बाप दोघांकडून यावा लागतो. स्वतः दोघेही धडधाकट असतात, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव चारांत एक. मूल असे निपजले की सुनेच्या माहेराकडे बोट दाखविणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

उपाय निघण्यास १९५३ साल उजाडले. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे डॉ. होर्स्ट बिकेल यांनी तो घटक कमी केलेला आहार एका लहान मुलीला देऊन तिच्यात सुधारणा दाखविली. तेथेही उपाय काढा म्हणून प्रयोगशाळेच्या दाराशी रोज उभी राहणारी तिची आईच होती! पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून पारख करण्याची सोपी रीत काढली. पहिल्या काही आठवड्यांतच आहार सुरू झाला आणि नीट पाळला, तर मूल इतर मुलांसारखे शिकते, संसार करते. अशा मुलीने पुढे गर्भवती होण्यापूर्वीपासूनच पथ्य कडक पाळावे लागते, नाहीतर पोटातील बाळाच्या मेंदूला बाधा होते.

त्या पहिल्या दोन भावंडांना मात्र यातले काही लाभले नाही. त्यांची वेळ निघून गेली होती. डॉ. फॉलिंग यांना १९६२ साली अमेरिकेत केनेडी प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. २४ जानेवारी १९७३ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी ते निवर्तले.