महायुद्धातली चार वर्षे आणि रमाबाई

सायंकाळी द पर्लच्या पोर्टो अरेबियात बोटींचे दिवे लागतात आणि धक्क्यावरच्या बाकांवर आपल्यातली कितीतरी माणसे पुण्या-मुंबईच्या घराशी व्हिडिओ कॉलवर बोलत बसलेली दिसतात. संदेशाखालची खूण निळी व्हायला पाच मिनिटे लागली तरी जीव कासावीस होतो. अशा वेळी मला रमाबाई आंबेडकर आठवतात.

रमाबाईंचा जन्म १८९८ मधला, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, मामा-काकांनी मुलांना मुंबईस आणले आणि १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, त्यांचे लग्न लागले. १९१३ च्या पावसाळ्यात भीमराव बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा रमाबाई पंधरा वर्षांच्या होत्या. यशवंताला वर्षही झाले नव्हते. सासरे रामजी त्याच वर्षाच्या आरंभी वारले होते.

वर्षभरात युरोपात महायुद्ध पेटले. भीमराव १९१६ मध्ये, समुद्रात पाणबुड्या फिरत असताना, अटलांटिक ओलांडून लंडनला पोहोचले. शिष्यवृत्तीतून काटकसर करून ते घरी पैसे पाठवीत. परळच्या चाळीतला संसार मात्र रमाबाईंच्या हिकमतीवर चाले. शेण गोळा करून गोवऱ्या थापल्याच्या त्यांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात.

शिष्यवृत्तीची मुदत संपली, शिक्षण अर्धवट ठेवून १९१७ च्या उन्हाळ्यात भीमराव परत निघाले. त्यांनी सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. भूमध्य समुद्रात पाणतीराने एक बोट बुडाल्याची बातमी मुंबईत पोहोचली आणि घरावर शोककळा पसरली, असे चरित्रकार सांगतात. पुढे कळले की बुडाली ती सामानाची बोट. पुस्तके गेली, माणूस वाचला. २१ ऑगस्टला भीमराव मुंबईत उतरले. त्या मधल्या दिवसांत एकोणीस वर्षांच्या रमाबाईंनी काय सोसले, त्याची नोंद कुठल्याच ग्रंथात नाही.

समाजमाध्यमांवर या दांपत्याच्या नावाने जी भावविभोर पत्रे फिरतात, त्यांतली काही साहित्यिकांच्या कल्पनेतून उतरलेली आहेत. खऱ्या पत्रांचा सूर निराळाच. १९२१ मध्ये, पुन्हा लंडनला गेलेल्या बाबासाहेबांनी घरी लिहिले ते मुलाच्या आजारपणाबद्दल, पैशाच्या चणचणीबद्दल. गरज पडल्यास दागिने मोडा, परतल्यावर करून देईन असे सांगितले, आणि यशवंत-मुकुंदाच्या अभ्यासाची चौकशी केली. प्रेमाचा उच्चार कुठे नाही. मला विचाराल तर त्या पिढीच्या मराठी घरांत ही चौकशी हाच प्रेमाचा उच्चार असे. रमाबाईंना अक्षरओळखही बाबासाहेबांनीच लग्नानंतर करून दिलेली.

गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले त्यांनी गमावली. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाई गेल्या.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बाबासाहेबांचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ निघाला. विषय रुक्ष, राजकीय. अर्पणपत्रिकेत मात्र पत्नीच्या मनाच्या मोठेपणाचे आणि हलाखीच्या, मित्रहीन दिवसांत तिने सोबतीने सोसल्याचे स्मरण आहे. तिथे नाव रमाबाई असे नाही. छापले आहे ते घरातले: रामू.