डॉ. एडमंड केल्स आणि जबड्याचा फोटो

दाढेचा एक्स-रे काढताना डॉक्टर फिल्म तोंडात बसवतात, हलू नका म्हणतात आणि स्वतः मात्र बाजूला किंवा खोलीबाहेर जाऊन बटण दाबतात. ही रीत फुकटात पडलेली नाही. तिच्यापायी ज्यांचे हात गेले, त्यांत डॉ. चार्ल्स एडमंड केल्स हे मोठं नाव. डेंटलच्या मुलांना ते पुस्तकात भेटतं, आपल्यासारख्या साहित्यवाल्यांना सहसा नाही.

केल्स १८५६ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मले. वडील दातांचेच डॉक्टर. मुलाने न्यूयॉर्कला शिकून १८७८ मध्ये पदवी घेतली आणि परत येऊन वडिलांच्या दवाखान्यात बसू लागला. माणूस भारी खटपट्या. दवाखान्यात वीज आणली, ऑपरेशनच्या वेळी रक्त ओढून घेणारा पंप बनवला, कितीतरी पेटंट घेतली. मदतनीस म्हणून बाई ठेवणाऱ्या पहिल्या डेंटिस्टांपैकी ते एक. मला तर वाटतं, एवढ्यावरही त्यांचं नाव राहिलं असतं.

पण १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी केल्स यांनी यंत्र मिळवून रुग्णांच्या दातांचे फोटो काढायला सुरुवात केली. एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागत. फोटो म्हणजे शेवटी सावलीच, आणि सावली तर सकाळ-संध्याकाळ लांब होते, दुपारी आखूड. मग दाताची खरी लांबी कळायची कशी? केल्स यांनी फिल्म दाताला समांतर धरायची आणि किरण तिच्यावर सरळ पाडायचे, असं ठरवलं. १८९९ मध्ये तर दाताच्या मुळाच्या पोकळीत शिशाची तार घालून फोटो काढला. तार फोटोत स्पष्ट दिसते, म्हणून मुळाचं टोक कुठवर आहे ते मोजता आलं. अचूकतेचा हा ध्यास त्यांना महागात पडला. तेव्हाच्या ट्यूबचा जोर रोज बदलायचा. तो तपासायला ते स्वतःचा हात किरणांसमोर धरत आणि पडद्यावर हाडं नीट दिसली की मग रुग्णाकडे वळत. असं वर्षानुवर्षं. हाताला कॅन्सर झाला. आधी बोटं गेली, मग हात.

तरीही त्यांनी एक्स-रेला शिव्या दिल्या नाहीत. उलट, १९२० च्या सुमारास अमेरिकेत दातांच्या मुळाशी दडलेला जंतुसंसर्ग सगळ्या रोगांचं मूळ मानला जाई. फोटोत जरा काळसर डाग दिसला की काढ दात, अशी लाट होती. केल्स या लाटेविरुद्ध उभे राहिले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चांगले दात उपटू नका, फोटो नीट वाचा, हे ते भर सभेत सांगत.

त्यांची अडचण पूर्ण सुटली आहे का? आपल्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आठवा. वरून नुसती कुंड्यांची रांग दिसते; खालचा बोगदा केवढा, कसा वळतो, ते उतरल्याशिवाय कळत नाही. साध्या फिल्मचं तसंच आहे. दाताच्या गालाकडच्या किंवा जिभेकडच्या बाजूचं हाड झिजलं असेल, तर ते मुळाच्या सावलीत लपतं. आता सीबीसीटी नावाचं यंत्र डोक्याभोवती फिरून शेकडो फोटो घेतं आणि कॉम्प्युटर त्यातून जबडा तिन्ही बाजूंनी उभा करतो. खड्डा किती खोल, किती रुंद, हे मोजता येतं. पण तो जबडाही बारीक घनांचाच बनलेला, साधारण ०.१ ते ०.४ मिलिमीटरच्या. हाडाचा पापुद्रा त्याहून पातळ असला तर तो दिसतच नाही आणि नसलेलं भोक आहे असं वाटतं. शेजारी धातूची कॅप असेल तर चित्रावर पट्टे उमटतात. शिवाय किरणांचा डोस साध्या फिल्मपेक्षा जास्त, म्हणून ऊठसूट हा स्कॅन काढत नाहीत.

केल्स यांच्यावर एकामागून एक ऑपरेशनं झाली आणि डावा हात खांद्यापर्यंत काढावा लागला. वेदना थांबल्या नाहीत. एका हाताने ते काम करत राहिले, लिहीत राहिले. मे १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्याच दवाखान्यात त्यांनी आयुष्य संपवलं. तेव्हा ते ७१ वर्षांचे होते.