विषमज्वराच्या वॉर्डातील एडिथ

९ ऑगस्ट हा संत एडिथ स्टाईन हिचा सण. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९८ साली तिला संतपद बहाल केले. तत्त्वज्ञ, कार्मेल मठातील धर्मभगिनी आणि रक्तसाक्षी म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. तिने केलेल्या रुग्णसेवेबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही.

एडिथचा जन्म १८९१ साली तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरात, एका यहुदी कुटुंबात झाला. अकरा भावंडांत ती सर्वांत धाकटी. वडील लवकर वारले. आईने लाकडाची वखार चालवून मुलांना वाढवले. आई मोठी देवभीरू, पण एडिथने कुमारवयातच प्रार्थना सोडून दिली होती.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा ती गॉटिंगेन येथे तत्त्वज्ञान शिकत होती. बरोबरीची मुले आघाडीवर गेली. एडिथने शुश्रूषेचे शिक्षण घेऊन रेडक्रॉसकडे नाव नोंदवले. आईने कडाडून विरोध केला. सैनिकांच्या अंगावर उवा असतात, त्यातून रोग लागेल, ही तिची भीती खोटी नव्हती. पण आईचा करारीपणा लेकीत पुरेपूर उतरला होता. संमती मिळाली नाही, तरी ती गेलीच.

एप्रिल १९१५. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ह्रानित्से गावी साथीच्या रोगांचे लष्करी रुग्णालय होते. तेवीस वर्षांच्या एडिथला विषमज्वराचा वॉर्ड मिळाला. कार्पेथियन पर्वतातील आघाडीवरून आणलेले रुग्ण. कुणी चेक, कुणी पोलिश, कुणी हंगेरियन. अनेकांची भाषा तिला कळत नसे.

एकदा एक सैनिक दगावला. त्याच्या मोजक्या वस्तू ती गोळा करत असताना वहीतून एक चिठ्ठी खाली पडली. नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून बायकोने दिलेली ती प्रार्थना होती. एडिथच्या काळजात चर्र झाले. ह्या प्रसंगाने तिचे परिवर्तन झाले, असे म्हणणे घाईचे होईल. तिचा बाप्तिस्मा थेट १ जानेवारी १९२२ रोजी झाला. परंतु पुढे आत्मकथन लिहिताना ती चिठ्ठी तिने आवर्जून नोंदवली.

१९३३ साली एडिथ कार्मेल मठात दाखल झाली. नाझींच्या छळामुळे नंतर तिला हॉलंडमधील एख्त येथील मठात हलवण्यात आले. २ ऑगस्ट १९४२ रोजी तिला आणि तिची बहीण रोझा हिला तेथून अटक झाली. वेस्टरबोर्कच्या छावणीत भीतीने सुन्न झालेल्या आयांना लेकरांचेही भान उरले नव्हते. एडिथने त्या लेकरांना धुतले-पुसले, त्यांचे केस विंचरले, त्यांना भरवले. तेथून तिला आउश्वित्झला नेण्यात आले आणि ९ ऑगस्ट रोजी ठार मारण्यात आले.