संत जॉर्ज आणि अजगर

शुभ्र अश्वावर आरूढ झालेला तरुण शिपाई, हातीं लांब भाला, आणि घोड्याच्या टापांखालीं तोंड वासून पडलेला पंखांचा अजगर: हें चित्र ज्यानें पाहिलें नाहीं असा कॅथॉलिक मनुष्य विरळाच. परंतु अलीकडे शिकलींसवरलीं मुलें वडीलधाऱ्यांस विचारूं लागलीं आहेत कीं, अजगर जर खोटा, तर हा संतहि खोटाच काय? कोणी तर असेंहि सांगतात कीं, १९६९ सालीं रोमनें त्यांचें नांव यादींतून काढून टाकिलें. ह्या प्रश्नाची टाळाटाळ करून चालणार नाहीं. संतांच्या चरित्रांत इतिहास किती व भाविकांच्या कल्पनेची भर किती, हें निवडून पाहणें म्हणजे श्रद्धेचा अवमान नव्हे. ख्रिस्तसभेंतील विद्वान धर्मगुरूंनींच तें काम पूर्वीं हातीं घेतलेलें आहे.

आधीं इतिहास पाहूं. तो थोडा आहे, पण पायाशुद्ध आहे. पॅलेस्टाइन देशांत लिद्दा नांवाचें प्राचीन नगर आहे. रोमी अमदानींत त्यास दिओस्पोलिस म्हणत. तेथें जॉर्ज नांवाच्या ख्रिस्ती पुरुषानें धर्मासाठीं देह ठेविला, अशी फार जुनी परंपरा आहे. इ. स. ३०३ च्या फेब्रुवारींत बादशहा डायोक्लेशियन यानें निकोमीडिया येथून फर्मान काढलें कीं, ख्रिस्ती मंदिरें पाडावीं, पवित्र ग्रंथ जाळावे, व ख्रिस्ती लोकांचे मानमरातब हिरावून घ्यावे. त्याच छळांत संत जॉर्ज यांचा अंत झाला असें मानतात. परंपरा सांगते कीं, त्यांचें कूळ कप्पदुकियांतील असून ते रोमी सैन्यांत अधिकारी होते. देवतांपुढें धूप जाळण्यास त्यांनीं नकार दिला, आणि २३ एप्रिल रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. कूळ, हुद्दा, दिवस ह्यांविषयीं शपथेवर सांगतां येईल असा समकालीन लेख नाहीं. परंतु सिरिया देशांत एझ्रा येथें त्यांच्या नांवाचें दगडी मंदिर असून त्यावरील शिलालेख इ. स. ५१५ चा आहे. आणि ५३० च्या सुमारास थिओडोशियस नांवाच्या यात्रेकरूनें दिओस्पोलिस हेंच त्यांच्या रक्तसाक्षीचें स्थळ म्हणून नोंदविलें आहे. केवळ कल्पनेंतल्या माणसाच्या कबरीवर इतक्या लवकर एवढी गर्दी होत नसते.

ह्या जुन्या साक्षींपैकीं एकींतहि अजगर नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मात्र अतिशयोक्ति फार लवकर सुरू झाली. आरंभींच्या ग्रीक कथेंत दादियान नांवाचा कोणी राजा इतर राजांना जमवून संत जॉर्ज यांस सात वर्षें यातना देतो. ते तीनदां मरतात व तीनदां उठतात. असल्या गोष्टी वाचून जुने धर्मपंडितहि अस्वस्थ झाले. पोप गेलासियस यांच्या नांवावर चालत आलेल्या प्राचीन निर्णयपत्रांत ह्या कथेस अविश्वसनीय ग्रंथांत ढकलून दिलें आहे. संतांस मान द्यावा, पण त्यांच्या नांवावर रचलेल्या पोथीस प्रमाण मानूं नये, हा विवेक सुमारें पंधराशें वर्षांपूर्वींचा आहे!

मग अजगर आला कोठून? इतिहासकार युसेबियस लिहितो कीं, बादशहा कॉन्स्टंटाइन यानें आपल्या राजवाड्याच्या दर्शनी भागीं एक चित्र काढविलें होतें: त्याच्या मस्तकावर क्रूस, आणि पायांखालीं भाल्यानें विंधलेला अजगर. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायांत महादूत मिखाएल ज्या अजगराशीं लढतो तो सैतानच होय, हें त्या काळच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसास ठाऊक होतें. तेव्हां विजयी धर्मवीर दाखवायचा तर त्याच्या पायांशीं सर्प काढावा, ही चित्रकारांची भाषाच झाली. प्रथम हा मान संत थिओडोर यांस मिळाला. पुढें कप्पदुकियांत डोंगर कोरून केलेल्या मंदिरांच्या भिंतींवर थिओडोर व जॉर्ज दोघेहि घोड्यावर बसून एकाच सर्पास भोंसकतांना दिसूं लागले. चित्र आधीं आणि गोष्ट मागून, असा हा क्रम दिसतो. संत जॉर्ज व अजगर यांची लिखित कथा अकराव्या शतकांतील एका जॉर्जियन हस्तलिखितांत प्रथम आढळते. १०९८ सालीं अंत्युखियाच्या लढाईंत आपल्या बाजूनें संत जॉर्ज लढतांना दिसले असें क्रूसयोद्धे सांगत परत आले, आणि त्यांच्याबरोबर ह्या संताची कीर्ति पश्चिमेंत सर्वत्र गेली.

आज आपण जी गोष्ट ऐकतों ती तेराव्या शतकांत डॉमिनिकन संघाचे याकोब दे वोराजिने, जे पुढें जेनोवाचे आर्चबिशप झाले, त्यांनीं आपल्या संतचरित्रमालेंत सांगितली आहे. लिबिया देशांत सिलेना नांवाचें नगर. नगराबाहेर समुद्रासारखें तळें. त्यांत अजगर राही, आणि त्याच्या विषारी श्वासानें माणसें मरत. त्यास शांत ठेवण्यासाठीं लोक रोज दोन मेंढ्या देऊं लागले. मेंढ्या संपत आल्या, तेव्हां एक मेंढी व एक मनुष्य अशी पाळी आली, चिठ्ठ्या टाकीत. एके दिवशीं चिठ्ठी राजकन्येची निघाली. राजानें सोनें देऊं केलें, अर्धें राज्य देऊं केलें. परंतु ज्यांचीं लेंकरें आधींच गेलीं होतीं ते लोक कां ऐकतील? (कथेंतील हा भाग मला सर्वांत खरा वाटतो.) मुलगी रडत तळ्याकांठीं उभी असतां संत जॉर्ज त्या वाटेनें आले. तिनें त्यांस पळून जा म्हणून विनविलें. त्यांनीं क्रूसाची खूण केली, भाल्यानें अजगरास घायाळ केलें, आणि तिला सांगितलें कीं, आपला कंबरपट्टा त्याच्या गळ्यांत घाल. मग तो भयंकर प्राणी पाळीव कुत्र्यासारखा तिच्या मागोमाग नगरांत आला. राजा व प्रजा यांनीं बाप्तिस्मा घेतल्यावरच संतांनीं त्याचा वध केला. राजानें दिलेलें अपार द्रव्य त्यांनीं गोरगरिबांस वांटून टाकिलें, आणि मंदिरांची काळजी वाहावी, धर्मगुरूंचा मान राखावा, उपासनेस मनःपूर्वक जावें व गरिबांस विसरूं नये, असा राजास उपदेश करून ते निघून गेले.

ह्यावर कित्येक पंडितांचें म्हणणें असें कीं, ही ग्रीकांची पेर्सेउसची गोष्टच होय. त्यांतहि समुद्रराक्षसापुढें बांधलेली राजकन्या आहे, आणि ती जेथें बांधली होती असें मानीत तें याफा बंदर लिद्दापासून फार दूर नाहीं. साम्य खरें, पण दोहोंमधील शतकांचें अंतर पाहतां केवळ शेजारावरून नातें जोडणें मला धाडसाचें वाटतें. अशा गोष्टी जगांत पुष्कळ आहेत. बाबिलोनी लोकांचा मार्दुक तियामतीस मारून तिच्या देहाचें आकाश करितो. ऋग्वेदांतील इंद्र जळें अडवून बसलेल्या वृत्र नांवाच्या अहीस मारितो. आपल्या बायबलांत दानिएलच्या शेवटल्या अध्यायांत बाबिलोनकर ज्याची पूजा करीत त्या अजगरास दानिएल शस्त्रावांचून मारितो: डांबर, चरबी व केंस शिजवून केलेले गोळे त्यास चारून! उलट चीन देशांत अजगर हा पाऊस देणारा शुभ प्राणी समजतात, व बादशहाच्या झग्यावर त्याची आकृति भरीत असत. म्हणजे सर्वत्र तो पापाचेंच रूप आहे असें नव्हे. जेथें तो पाण्याचा दाता आहे तेथें त्याला हात जोडतात. जेथें तो माणसें मागतो तेथें त्याच्यावर भाला उगारतात.

संत जॉर्ज यांचा मान पुढें किती वाढला तें थोडक्यांत सांगतों. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड यानें १३४८ च्या सुमारास स्थापिलेल्या गार्टर नामक वीरसंघाचे ते आश्रयदाते झाले. पोर्तुगाल, कातालोनिया, जॉर्जिया हे देश त्यांस आपले म्हणवितात. कातालोनियांत त्यांच्या सणास गुलाब व पुस्तकें भेट देतात. बेल्जियमांतील माँस शहरीं पवित्र त्रैक्याच्या रविवारीं भर चौकांत अजगराशीं लुटुपुटूची लढाई होते. केरळांत गीवर्गीस ह्या नांवानें ते घरचेच झाले आहेत. एडत्वा येथील त्यांच्या सणास लांबलांबून लोक जातात, आणि सर्पभय टळावें म्हणून त्यांची आळवणी करितात. बेथलेहेमजवळील अल-खादर गांवीं तर मुसलमान बांधवहि त्यांच्या मंदिरांत नवस करितात.

त्यांच्यावर एक आळहि आला. गिबन नामक इंग्रज इतिहासकारानें अठराव्या शतकांत असें लिहून टाकिलें कीं, हे संत म्हणजे आलेक्झांड्रियाचा लोभी व पाखंडी बिशप जॉर्ज, ज्याला ३६१ सालीं जमावानें ठार केलें. नांव एक व कूळ कप्पदुकियाचें, एवढ्यावर हा निकाल! जेज्वीट संघांतील बोलांदिस्त पंडितांनीं संतचरित्रांच्या जुन्या प्रती एकमेकींशीं ताडून पाहण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या चालविलें. त्यांपैकीं फादर देलेहाय यांनीं १९०९ सालीं लष्करी संतांच्या ग्रीक कथांवर ग्रंथ लिहिला. कथा रचलेल्या आहेत, पण लिद्दाचा रक्तसाक्षी खरा आहे, हेंच मत आज विद्वानांत अधिक मान्य आहे.

राहतां राहिली १९६९ ची गोष्ट. त्या वर्षीं रोमी पंचांगाची फेररचना झाली तेव्हां संत जॉर्ज यांचें नांव पुसलें गेलें नाहीं. २३ एप्रिल हा त्यांचा ऐच्छिक स्मरणदिन म्हणून कायम राहिला. जेथें ते आश्रयदाते आहेत तेथें तो मोठा सण म्हणूनच पाळतात.

लिद्दा नगरास आतां लोद म्हणतात. तेथील क्रूसयोद्ध्यांचें मंदिर ११९१ सालीं सलादीनच्या आज्ञेनें पाडलें गेलें. त्याच जागीं एकोणिसाव्या शतकांत ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथीयांनीं नवें मंदिर बांधिलें, आणि त्याला लागूनच मशीद आहे. पायऱ्या उतरून खालीं गेलें कीं तळघरांत कबर दिसते. पवित्र भूमीच्या यात्रेस जाणारे आपले लोक बहुधा ज्या विमानतळावर उतरतात, तो ह्याच लोदच्या शेजारीं आहे. परंतु बस थेट यरुशलेमकडे वळते, आणि ह्या कबरीपाशीं थांबणारे थोडेच असतात.