नदीची नोंद ठेवणारा साइक्स



यंदाच्या मेळाव्यात आपण ज्यांचा सत्कार करणार आहोत ती मागच्या बाकावरची चौकडी सगळ्यांना आठवत असेलच. गोदावरी आणि दारणेच्या काठी रविवारी गळ टाकायचा, मासा मिळाला की मोजायचा, नोंद करायची आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हा ही मंडळी गळ गुंडाळून ठेवतात. नदीत जिलेटिन फोडू नका, हे सांगायला गावोगाव जातात आणि बोलणीही खातात. संपादक मंडळाने त्यांच्यावर लिहायला मला सांगितले. पण चौघांनीही हात जोडले, म्हणाले आमच्यावर नको. म्हणून त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर ज्याचे नाव आहे, त्याच्याविषयी लिहिते.

विल्यम हेन्री साइक्स १७९० मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये जन्मला. आपण आठवी-नववीत असतो त्या वयात, १८०४ मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात अधिकारी झाला. पुढच्याच वर्षी भरतपूरच्या वेढ्यात होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने लढला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तो समोरच्या पक्षातला माणूस, हे आधीच सांगून टाकते.

सुट्टीवर युरोपला जाऊन तो परत आला. मग १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला सांख्यिकी अधिकारी नेमले. नव्याने हाती आलेला मुलूख मोजायचा, हे काम. लोकसंख्या, पिके, जमीनधारा, हवा, पाऊस. हेतू उघडच राज्यकारभाराचा होता. पण सारावसुलीला लागते त्यापेक्षा साइक्स कितीतरी जास्त मोजत बसला. वायुभारमापकाच्या रोजच्या चढउतारांवर त्याने लिहिले, वेरूळच्या लेण्यांवर लिहिले, दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची यादी केली. आपल्याकडच्या माळावर दिसणारा तो शेंडीवाला छोटा चंडोल इंग्रजीत आजही साइक्सच्याच नावाने ओळखला जातो. त्या वेळी नाशिक हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो झाला १८६९ मध्ये.

१८२९ मध्ये सरकारने त्याचे पद रद्द केले. हाती घेतलेले काम अर्धवट टाकायचे नाही म्हणून तो आणखी थांबला आणि १८३१ मध्ये मायदेशी गेला. सोबत कागदांचे गठ्ठे होते. त्यातूनच १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने प्रसिद्ध झाली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळणाऱ्या मोठ्या खवल्यांच्या महासीरला त्याने खुद्री हे नाव दिले. शास्त्रीय नावे सहसा लॅटिन-ग्रीक असतात. याने मात्र काठावरच्या लोकांच्या तोंडची मराठी नावे, कानाला ऐकू आली तशी, लिहून घेतली: खुद्री, कोलस, नुक्ता, पोटैल, फुलुंगी. जगभरचे शास्त्रज्ञ ती आजही वापरतात. मासा जाळ्यातून काढून देणारे आणि नाव सांगणारे भोई-कोळी मात्र शास्त्रीय नावापुढे लिहिले जात नाहीत. तिथे लिहितात साइक्स, १८३९. चौकडीच्या वहीतही तेच आहे, पण मासा कोणत्या गावच्या कोणी दाखवला, यासाठी त्यांनी शेजारी वेगळा रकाना ठेवला आहे.

पुढे साइक्स १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला. १८५६ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. १८५७ पासून ॲबरडीनचा खासदार होता. १८७२ मध्ये लंडनमध्ये वारला. एवढ्या मोठ्या पदांत माशांच्या यादीचे महत्त्व कोणाला वाटले असेल? ते कळायला शंभरावर वर्षे जावी लागली.

धरणांनी महासीरच्या वाटा अडवल्या, सुरुंगांनी डोह रिकामे केले. तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महासीरचे बीज तयार करणारे केंद्र उभे केले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खुद्रीच्या कृत्रिम पैदाशीची पद्धत बसवली आणि लाखो पिल्ले देशभरच्या नद्यांत गेली. हे काम फार मोलाचे होते. पण त्यातली काही पिल्ले कावेरीत सोडली गेली आणि तिथे स्वतःचा, पाठीला कुबड असलेला वेगळाच महासीर होता. त्याला कित्येक वर्षे मसुल्ला म्हणत. हे नाव खरे तर साइक्सने शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या एका निराळ्या माशाला दिलेले. कावेरीच्या माशाची नेमकी ओळख २०१८ मध्ये पटली, तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. बाहेरून आणलेली खुद्री हे त्यामागचे एक कारण मानले जाते. सोडणारे लोकही नदीवर प्रेम करणारेच होते.

हे वाचले तेव्हा मला माझीच एक चूक आठवली. नोकरीच्या सुरुवातीला एका रकान्याचे नाव चुकीचे समजून मी हजारो नोंदी भलत्याच तक्त्यात ओतल्या होत्या. दोन रात्री जागून त्या परत आणल्या, कारण जुनी प्रत जपून ठेवलेली होती. नदीची अशी प्रत कोणाकडे नसते. तिथे जुनी नोंद हाच काय तो आधार. कोणता मासा, कोणत्या नदीत, कोणत्या गावाजवळ.

म्हणून मला आपल्या चौघांचे मोल मासे सोडण्यापेक्षाही लिहून ठेवण्यात जास्त वाटते. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनची मंडळी कित्येक दशके गळ टाकतात आणि तलावाची राखणही करतात. आपल्या चौघांकडे ना संस्था, ना फलक. एक शंभर पानी वही आणि मोजपट्टी एवढेच. बाहेरच्या माशाचे बीज गोदावरीत सोडू या, असे कोणी उत्साहाने सुचवले तर ते आधी वही उघडतात, इथे काय आहे ते दाखवतात आणि नको म्हणतात. त्यावरून त्यांचे वादही झाले आहेत.

सत्काराच्या दिवशी ती वही व्यासपीठाशेजारच्या टेबलावर असेल. शाल-श्रीफळाचे फोटो काढून झाले की दोन मिनिटे ती जरूर चाळा. आणि तुमच्या आजोबांकडून, गावच्या मावशीकडून नदीतल्या एखाद्या माशाचे नाव ऐकलेले असेल, तर शेवटच्या पानावर लिहून ठेवा. गावाचे आणि सांगणाऱ्याचे नाव लिहायला मात्र विसरू नका.